वेचावी फुले, ओळखावे झाड

दिवाळी तोंडावर आली की रायपूरच्या बाजारात पणत्या, बत्तासे आणि झेंडूच्या ढिगांबरोबर आणखी एक वस्तू दिसू लागते. ती म्हणजे धानाची झालर. पिकलेल्या भाताच्या लोंब्या देठासकट घ्यायच्या आणि वेणी घालावी तशा ओळीने गुंफत जायच्या. तयार होते ते सोनेरी तोरण छत्तीसगडमधली माणसे दारावर, अंगणात टांगतात. नव्या पिकाचा पहिला मान लक्ष्मीचा आणि तिच्याबरोबर पाखरांचाही. सण सरेपर्यंत चिमण्या त्यातले दाणे टिपून नेतात आणि दारावर नुसता पेंढा उरतो.

रायपुरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, तेव्हापासून मराठी माणसे इकडे येऊ लागली. पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आणखी आली. धानाची झालर त्यांनाही परकी वाटू नये. कोकणात आश्विनात नवे बांधतात, तेव्हा भाताच्या लोंब्या, आंब्याचे पान आणि झेंडूचे फूल यांची जुडी दाराला लावतात. प्रांत वेगळे असले तरी रीत एकच.

ही झालर बाजारात विकत मिळते. पण ती गुंफायची कशी, हे किती घरांत येते? लांब देठाची लोंबी हाती लागली तरच झालर होते. यंत्राने कापणी झाली की दाणे पोत्यात जातात आणि देठांचा चुरा होतो. उंचीला बुटक्या, सुधारित वाणांचे देठही आखूडच. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताच्या २३ हजारांहून अधिक वाणांचे बियाणे जतन केलेले आहे. ते बी तिथे सुरक्षित राहील. पण त्या भाताच्या लोंबीची वेणी घालणारी बोटे कुठे जतन करायची?

वस्तू दिसते, झाड दिसत नाही

रायपूरचा पंडरी हा भाग कापडाच्या ठोक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. इथेच ‘छत्तीसगड हाट’ आहे. हातमाग आणि हस्तकलांची प्रदर्शने तिथे भरतात. कोसा रेशमाच्या साड्या, बांबूच्या टोपल्या, बस्तरचे लाकूडकाम आणि ढोकऱ्याच्या मूर्ती पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे येतात. हौसेने खरेदी करतात आणि वस्तू घरी नेऊन दिवाणखान्यात मांडतात.

यातल्या कितीतरी वस्तूंचे मूळ एखाद्या झाडात आहे. कोशाचा किडा अर्जुन आणि ऐनाच्या पानांवर वाढतो. बस्तरच्या जुन्या पद्धतीच्या लुगड्यांचा तांबूस रंग आलाच्या मुळीचा. हेच झाड महाराष्ट्रात बारतोंडी म्हणूनही ओळखले जाते. पण हाटात वस्तू दिसते, झाड दिसत नाही. अर्जुनाचे पान कसे असते, असे विचारले तर कोसा नेसणारी आणि कोसा विकणारा, दोघेही अडखळतील.

वस्तू आणि झाड एकाच ठिकाणी दाखवायची सोय असते ती वनस्पती उद्यानात. तिथे प्रत्येक झाडाला नावाची पाटी असते आणि झाडाखाली बसायला सावली असते. म्हणूनच पानाफुलांची कलाकुसर शिकवणाऱ्या ऋतुमानानुसारच्या कार्यशाळा जगभरातल्या अनेक वनस्पती उद्यानांत भरतात. कुठे वसंतात फुलांची रचना शिकवतात, तर कुठे शरदात सुक्या पानांची चक्रे करायला.

दोन बागा, एक संस्था

महाराष्ट्रात ही परंपरा फुलांच्या प्रदर्शनातून आली. ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था १८३० मध्ये स्थापन झाली. मुंबईत शिवडीला या संस्थेची बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग भायखळ्याला हलली. १८६२ मध्ये लेडी फ्रियर यांच्या हस्ते नव्या बागेचे उद्घाटन झाले. हीच ती राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पुण्याची एम्प्रेस गार्डनही याच संस्थेकडे आहे. ३९ एकरांच्या या बागेत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते आणि पुणेकरांची तिथे झुंबड उडते. गुलाब, डेलिया आणि बोन्सायबरोबर पुष्परचनेच्या स्पर्धाही होतात. त्यात जपानी पद्धतीच्या रचना असतात, तशा आपल्या पद्धतीच्याही.

राणीच्या बागेत मुंबई महानगरपालिकेचे उद्यान प्रदर्शन थंडीच्या अखेरीस भरते. हजारो कुंड्या, फुलांनी सजवलेल्या मोठमोठ्या प्रतिकृती आणि त्यांच्यापुढे फोटो काढून घेणारी गर्दी हे चित्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे. पण या प्रदर्शनाला उद्यानविद्येच्या कार्यशाळेचीही जोड असते, हे गर्दीतल्या अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि प्रदर्शनाच्या मांडवाबाहेर पाऊल टाकले की खरी शाळा सुरू होते. तोफगोळ्यांसारखी फळे लटकणारा कैलासपती, पोटाचा घेर वाढवून बसलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशातून आलेली आणि फुलली की झुंबरासारखी दिसणारी उर्वशी, द्रोणासारखी पाने असलेला कृष्णवड, असे एकेक वृक्ष तिथे उभे आहेत. कृष्णवडाचे पान एकदा हातात घेतले की द्रोणाची कल्पना माणसाला कुठून सुचली असेल, असा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप येतो. कलाकुसरीची सुरुवात अशीच व्हायला हवी.

तोडणे, खुडणे आणि वेचणे

मराठीत फूल तोडतात, खुडतात आणि वेचतात. या तीन शब्दांत मोठा फरक आहे. तोडण्यात जोर आहे आणि खुडण्यात हलका हात. वेचण्यात मात्र झाडाला स्पर्शच नाही. प्राजक्त आणि बकुळ ही वेचायची फुले. झाडाने आपण होऊन जमिनीवर टाकलेले घ्यायचे, एवढाच नियम.

वनस्पती उद्यानात फूल तोडायला बंदी असते. त्यामुळे तिथली कार्यशाळा वेचण्यापासूनच सुरू होते. गळलेली फुले, झडलेली पाने, वाळलेल्या शेंगा, छाटणीत निघालेल्या फांद्या हे सगळे तिचे सामान. पहिला तासभर नुसते फिरायचे. पिशवीत जे टाकले त्याचे नाव पाटीवरून वहीत उतरवायचे. नाव लिहिल्याशिवाय ती वस्तू वापरायची नाही, असा दंडक ठेवला तर मुले दिवसभरात दहा-पंधरा झाडे सहज ओळखू लागतात. पुस्तकातले चित्र विसरते. पण ज्या शेंगेची आपण बोट किंवा पक्षी केला, ती विसरत नाही.

या दंडकाचे महत्त्व पावसाळ्यात सर्वांत जास्त जाणवते.

पावसाळा : एकवीस पत्रींची परीक्षा

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत पत्रीचे वाटे विकायला येतात. दहा-बारा प्रकारची पाने एका जुडीत बांधलेली असतात. घेणारा घाईत आणि विकणाराही घाईत. एकवीस पत्रींत दूर्वा, बेल, तुळस, शमी, आघाडा, माका, धोतरा, रुई, कण्हेर, डाळिंब, मरवा, अर्जुन, विष्णुक्रांता, हादगा, केवडा, जाई अशी नावे येतात आणि देवदारही येतो. देवदार हिमालयातला. तो कोकणात वा देशावर रानात उगवत नाही. मग वाट्यातला देवदार नेमका कुठला? हा प्रश्न पूजा सांगणारे गुरुजीही सहसा विचारत नाहीत. ओळख नसेल तर हाती येईल ते पान चालते, आणि ते पान डोंगरावरून ओरबाडून आणलेले असले तरी कळत नाही.

श्रावणात वनस्पती उद्यानात पत्री ओळखण्याची कार्यशाळा घेतली तर चित्र बदलू शकते. एकेक झाड पाहायचे, पान चुरगाळून वास घ्यायचा, कागदावर पानाचा ठसा उमटवायचा. आघाड्याचा तुरा आणि माक्याचे पांढरे फूल एकदा पाहिले की घराजवळच्या मोकळ्या जागेतही ती झाडे सापडतात. यातल्या निम्म्या तरी वनस्पती कुंडीत वा अंगणात लावता येतात. मग एक-एक पान घरचेच वाहिले तरी पूजेत उणे राहत नाही.

मुले बरोबर असतील तर सावधगिरी हवीच. कण्हेर आणि धोतरा अंगोपांगी विषारी आहेत, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. लाल-काळ्या गुंजा माळेत सुंदर दिसतात, पण त्यांचे बी फोडले वा टोचले तर ते प्राणघातक ठरू शकते. त्या मुलांच्या हाती देऊच नयेत. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले आणि आता देशभर माजलेले गाजरगवतही फसवे. त्याची बारीक पांढरी फुले गुच्छात शोभतात खरी, पण त्यांनी अंगाला खाज सुटते आणि दमाही बळावतो.

पानाच्या ओळखीतली गफलत आणखी एका झाडाबाबत होते. सोसायटीच्या कुंपणालगत ओळीने लावलेले उंच, निमुळते झाड अनेकांना अशोक वाटते. तो असतो आसुपालव. खरा सीताअशोक वेगळा. त्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात आणि त्याची कोवळी पालवी तांबूस, लोंबती असते. औषधासाठी साल ओरबाडली गेल्याने रानातला सीताअशोक आज दुर्मिळ होत चालला आहे. राणीच्या बागेत तो फुललेला पाहिला की दोन्ही झाडांचा गोंधळ कायमचा मिटतो.

शरद : आपटा राखावा, झेंडू वापरावा

दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने वाटतात. मागणी इतकी की सणाच्या आदल्या रात्री आपट्याची झाडे अक्षरशः बोडकी होतात. कांचनही त्याच कुळातला, त्याचीही पाने जोडपानासारखी. त्यामुळे आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही छाटल्या जातात. कार्यशाळेत एकाच पानाचा ठसा घेऊन त्यावरून हातकागदाची ‘सोन्याची पाने’ करता येतात. त्यामागे आपट्याचे एक बी बांधून दिले तर घेणाऱ्याच्या घरी सोन्याचे झाड जाते.

झेंडूची गोष्ट उलटी आहे. हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे. परदेशातून आले आणि आपल्या दसरा-दिवाळीचे मानकरी होऊन बसले. ते शेतात पिकते, त्यामुळे वापरायला हरकत नाही. हरकत आहे ती दुसऱ्या दिवशी ते नदीत टाकायला. सुकलेल्या झेंडूपासून सुंदर पिवळा रंग मिळतो आणि तो घरच्या घरी काढता येतो. पाकळ्या वेगळ्या करून पाण्यात मंद आचेवर तासभर उकळाव्या आणि पाणी गाळून घ्यावे. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेवावे, मग रंगाच्या पाण्यात सोडावे. रेशीम तुरटीने लगेच रंग धरते. सुती कापडाला मात्र त्याआधी हिरड्याच्या पाण्याची जोड लागते, नाहीतर दोन धुण्यांत रंग उतरतो. देवाला वाहिलेल्या फुलांचा रुमाल वर्षभर वापरता आला, तर निर्माल्याचा याहून चांगला मान कोणता?

हिवाळा : दाबलेले फूल आणि तीन रेषा

पावसाळ्यात वाळवायला ठेवलेल्या फुलाला बुरशी येते. फुले वाळवायचा खरा हंगाम कोरड्या थंडीचा. फूल वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये पसरून वर वजन ठेवायचे. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलायचा. आळस केला तर फूल काळे पडते. पाकळ्या पातळ असतील, तर आठ-दहा दिवसांत शुभेच्छापत्रावर चिकटवण्याजोगे फूल तयार होते.

वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पतींचे नमुने याच पद्धतीने जतन करतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लाटर वनस्पतिसंग्रह १९०६ पासूनचा. तिथेही दाबून वाळवलेल्या डहाळ्याच कागदावर चिकटवलेल्या आहेत. फरक एवढाच की प्रत्येक डहाळीखाली नाव, ठिकाण आणि तारीख आहे. मुलाने आजीला पाठवलेल्या शुभेच्छापत्रामागे या तीन गोष्टी लिहिल्या की तोही एक छोटासा संग्रहच झाला.

पिंपळाचे जाळीदार पानही याच मोसमात करावे. निबर पान तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे, पाणी अधूनमधून बदलायचे. हिरवा भाग कुजून सुटला की मऊ ब्रशने तो हळूच धुऊन काढायचा. शिरांची नक्षी तेवढी मागे राहते. वहीत पिंपळपान जपून ठेवणारी पिढी आता आजी-आजोबा झाली आहे. हे काम नातवंडांना शिकवायला त्यांच्याएवढे योग्य कोण?

पुष्परचनेच्या स्पर्धाही याच दिवसांत असतात. आपल्याकडे फुलांची श्रीमंती मोजली जाते ती संख्येने. जितका हार जाड, तितका मान मोठा. जपानी इकेबानाची रीत याच्या नेमकी विरुद्ध. आकाश, माणूस आणि पृथ्वी यांच्या तीन रेषा सांभाळायच्या. एक फांदी, दोन पाने आणि एकच फूल एवढ्यात रचना पुरी होते. या कलेचे मूळ बुद्धमूर्तीपुढे फुले वाहण्याच्या रिवाजात आहे, आणि बौद्ध धर्म तिकडे पोचला तो भारतातून निघूनच. महागाईच्या दिवसांत तीन फुलांत घर सजवणारी ही कला गृहिणींनी जरूर शिकावी. टाचण्यांचा ठोकळा नसला तर पसरट वाटीत ओल्या वाळूवरही काम भागते.

उन्हाळा : पळसाला पाने तीन

फाल्गुनात पळस फुलतो. विदर्भातून छत्तीसगडकडे येताना गाडीच्या दोन्ही बाजूंना पेटलेले माळ दिसतात. झाडाखाली पडलेली फुले वेचून रात्रभर पाण्यात भिजवली वा अर्धा तास उकळली की केशरी रंग तयार होतो. धुळवडीला खेळायला तो उत्तम. कापड रंगवायचे असेल तर चिमूटभर चुन्याने रंग गडद होतो. अंगावर खेळायच्या रंगात मात्र चुना घालू नये.

पळसाची पाने लागतात पत्रावळीला. महाराष्ट्रात पळस आणि वड, छत्तीसगडमध्ये पळस, साल आणि माहुलाच्या वेलीचे पान. एकावर एक पान किती चढवायचे, काडी कुठून खुपसायची, शिर कोणत्या बाजूला ठेवायची हे सांगून कळत नाही. एकदा पत्रावळ लावून पाहावीच लागते. पहिलीतून हमखास आमटी गळते, चौथी जमते. लग्नसराईत छत्तीसगडच्या खेड्यांत शिंदीच्या पानांचा मौर नवरदेवाच्या डोक्यावर चढतो. शिंदीला तिकडे छिंद म्हणतात. त्याच पानांची भिंगरी आणि पोपट उन्हाळी सुट्टीत मुलांकडून करून घेता येतात.

अशा कार्यशाळेला काय लागते?

खर्च अगदी थोडा. कात्री, दोरा, जुनी वर्तमानपत्रे, खळ, तुरटी आणि दोन पातेली. वीस-पंचवीसहून जास्त माणसे नसावीत. एक झाडे ओळखणारा आणि एक हाताने करून दाखवणारा, असे दोन शिक्षक हवेत. बहुतेक ठिकाणी गाडे अडते ते इथेच. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला पत्रावळ लावता येत नाही, आणि पत्रावळ लावणाऱ्या बाईंना कुणी शिक्षिका म्हणून बोलावत नाही. तिला मानाने बोलवावे, मानधन द्यावे आणि खुर्ची द्यावी. तिच्या बोटांतली विद्या कुठल्याही पदविकेहून कमी नाही.

रायपुरात हे दोन्ही शिक्षक आहेत. कृषी विश्वविद्यालय आणि पंडित रविशंकर शुक्ल विश्वविद्यालयाच्या रूपाने झाडे जाणणारे आहेत, आणि पंडरीच्या हाटात येणारे कारागीर तर दूरदूरच्या गावांतून हात घेऊन येतात. एखाद्या मंडळाने वा महिला गटाने वर्षातून चार रविवार काढले, पावसाळ्यात पत्री, दिवाळीआधी झालर, थंडीत दाबलेली फुले आणि होळीला पळस एवढेच ठरवले, तरी वर्ष पुरे होते. पाटी लावलेली बाग जवळ नसेल तर शाळेच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावण्यापासून सुरुवात करावी. ते काम मुलांनीच करावे. नाव शोधून काढलेले झाड मुले सहसा कुणाला तोडू देत नाहीत.

पानाफुलांच्या वस्तू टिकाऊ नसतात, ही त्यांच्याविषयीची नेहमीची तक्रार. ती खरीच आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसा तोरणाचा दिमाख सणापुरता. पण म्हणूनच ती कला दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि दरवर्षी त्या झाडापाशी जावे लागते. प्लास्टिकचे तोरण एकदा घेतले की दहा वर्षे माळ्यावरून काढायचे आणि लावायचे. त्या दहा वर्षांत घरातले मूल मोठे होते, पण आंब्याचा मोहोर कधी येतो आणि आपट्याला शेंगा कधी धरतात, हे त्याला विचारायची वेळच येत नाही.